फुकट मिळतं ते छापलं, कुणामुळं मिळतं ते राहिलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचं कोड कुणीपण बघू, वापरू, बदलू शकतं अशा सॉफ्टवेअरवर, मोठा लेख छापला त्याबद्दल आधी आभार, कारण मराठवाड्याच्या पानावर पाणी, सोयाबीनचा भाव आणि रस्त्यातले खड्डे सोडून कॉम्प्युटरवर पानभर कायतरी आलं हेच आमच्यासाठी मोठं. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आलं, फायरफॉक्स आलं, व्हीएलसी, लिब्रेऑफिस आलं, लायसन म्हणजे काय तेही सोपं करून सांगितलं, आणि शेवटी ग्रामीण भागातल्या तरुणांनी या मोफत साधनांचा लाभ घ्यावा असं लिहून लेख संपवला. इथंच माझं अडलं. मी लातूरला प्रोग्रामिंगचे क्लास घेतो, त्याआधी पुण्यात याच लाईनमध्ये नोकरी केली, आणि तुम्हाला सांगतो लाभ तर आमची पोरं रोजच घेतायत, सकाळपासून रात्रीपर्यंत घेतायत, त्यासाठी कुणी आवाहन करायची गरज नाही. हे सॉफ्टवेअर धड निघणार का भिकार, चार वर्षं टिकणार का मधेच मोडणार, त्यात आपली मराठी नीट दिसणार का नाही, हे लायसनच्या कागदावर ठरत नसतं, ते ठरतं त्याच्याभोवती कोण माणसं जमलीत आणि आपापलं कोड एकमेकांना द्यायची घ्यायची काय रीत त्यांनी पाडली यावरनं. लेखात ही माणसंही नव्हती आणि ती रीतही नव्हती, म्हणून हे पत्र.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजकाल कुणीच सॉफ्टवेअर शून्यापासून लिहीत नाही. क्लासमधलं पोरगं हॉटेलच्या बिलाची वेबसाईट बनवायला बसतं, एनपीएम इन्स्टॉल अशी एक ओळ टाईप करतं, नेट चालू असेल तर मिनिटभरात जगभरातल्या लोकांनी लिहिलेली शेकडो पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, त्याच्या फोल्डरमध्ये येऊन पडतात, त्याचं स्वतःचं कोड असतं दोनशे ओळी आणि बाकी सगळं दुसऱ्याचं, आणि ते येऊन सांगतं सर मी बनवलं. बनवलं की, नाही कोण म्हणतंय, पण त्या शेकडो पॅकेजमधलं एक तरी कुणी लिहिलंय, कोण सांभाळतंय, कधी शेवटचं बघितलंय विचारलं तर तोंडाकडं बघत बसतं. आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. सोयाबीनचं बियाणं पेरायच्या आधी तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो, कारण बोगस निघालं तर हंगाम गेला. आमच्या धंद्यात रोज शेकडो बॅगा फोडून डायरेक्ट पेरतात आणि दाणा कुणी बघत नाही.

याचा एक मोठा झटका २०१६ च्या मार्चमध्ये बसला. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेची पॅकेजेस ठेवायची जी जागा आहे, एनपीएम, तिथं एका प्रोग्रामरचं किक नावाचं पॅकेज होतं, त्याच नावाचं मेसेजिंग ॲप चालवणाऱ्या कंपनीला ते नाव पाहिजे होतं, यानं दिलं नाही, एनपीएमवाल्यांनी नाव काढून कंपनीला दिलं, आणि हा भडकला, त्यानं आपली सगळीच पॅकेजेस काढून घेतली, अडीचशेच्या वर. त्यात लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं एक पॅकेज होतं, काम काय तर एखाद्या अक्षरांच्या ओळीला डावीकडून मोकळ्या जागा किंवा शून्यं लावून तिची लांबी भरून काढायची. बस. एवढ्याशा पॅकेजवर बेबेलसारखी, म्हणजे नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला चालेल असं करून देणारी, मोठी टूल्स टेकून उभी होती, आणि त्या टूल्सवर जगातल्या कंपन्या, त्यामुळं ११ ओळी गायब झाल्या आणि सगळीकडं बिल्ड, म्हणजे कोडचं तयार सॉफ्टवेअर करायची कामं, पडायला लागली. शेवटी काही तासांत एनपीएमनं लेखकाला न विचारता ते पॅकेज परत टाकलं आणि नंतर पॅकेज मागं घेण्यावर बंधनं आणली. आता हसू येतं, पण ११ ओळी लोक स्वतः का लिहीत नव्हते हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आळस असं नाही.

त्याचं उत्तर त्या जागेच्या रचनेत आहे. जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरमध्ये चालायला केलेली भाषा, तिच्यासोबत येणारा सामान फार कमी, डावीकडून भरायची सोय भाषेतच यायला २०१७ उजाडलं. वर २०१० पासून एनपीएम आलं त्यात सोय अशी की एकाच प्रोजेक्टमध्ये एका पॅकेजच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात, भांडण नाही, त्यामुळं अजून एक पॅकेज ओढलं तर काही बिघडत नाही असंच सगळ्यांना वाटायचं. पॅकेज टाकायला कुणाची परवानगी नाही, तपासणी नाही, नाव पहिला येईल त्याचं. मग त्या लोकांमध्ये संस्कृतीच अशी झाली की एक पॅकेज एकच काम, जितकं छोटं तितकं भारी, संख्या विषम आहे का हे सांगणारं वेगळं पॅकेज आणि सम आहे का हे सांगणारं वेगळं. माणसं तिथलीही हुशारच आहेत, पण जागेचे नियम असे होते की हुशार माणूस तेच करणार.

आता पायथन या दुसऱ्या भाषेकडं बघा. तिथं भाषेसोबतच भरपूर सामान येतो, बॅटरीसकट खेळणं असं ते लोक स्वतःच म्हणतात, आणि एका इन्स्टॉलमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते, म्हणजे दोघांना वेगवेगळी पाहिजे असली की भांडण ठरलेलं. त्यामुळं तिथं बारीक बारीक पॅकेजेसची जत्रा भरण्याऐवजी मोठ्या मोठ्या लायब्ररी, म्हणजे खूप कामांचं कोड एकत्र असलेली पॅकेजेस, झाल्या. आकडेमोडीच्या नमपायचंच उदाहरण, आधी न्यूमेरिक आणि नमअरे अशा दोन लायब्ररी, शास्त्रज्ञ दोन गटात फुटलेले, २००६ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट या माणसानं दोन्ही एकत्र करून नमपाय केलं आणि आज एआयच्या नावानं जे काही चाललंय त्यातलं कितीतरी त्याच्यावर उभं आहे. एकीचं बळ वगैरे ठीक आहे, पण याची दुसरी बाजूपण आहे, पायथन ३ आलं २००८ मध्ये आणि पायथन २ अधिकृतपणे बंद व्हायला २०२० उजाडलं, कारण जो तो म्हणणार माझ्या पॅकेजवाल्यानं बदललं की मी बदलतो. भाषा बदलायला वेळ लागत नाही, तिच्यावर बसलेली माणसं हलवायला लागतो.

तिसरी तऱ्हा आर या संख्याशास्त्राच्या भाषेची, ती आपल्याकडं शेतकी विद्यापीठातल्या पोरांना चांगली माहीत. त्यांची पॅकेजेस क्रॅन नावाच्या जागी असतात, १९९७ पासून, व्हिएन्नातून सुरू झालेली. तिथं पॅकेज सरळ टाकता येत नाही, आधी ठरलेल्या चाचण्या पास कराव्या लागतात, मग माणसं बघतात, दुसऱ्यांना वापरायला दिलेल्या प्रत्येक फंक्शनला मदतीचं पान पाहिजेच, आणि तुमच्या बदलानं दुसऱ्याचं पॅकेज मोडत असेल तर त्याला आधी कळवावं लागतं, नाही सुधारलं तर पॅकेज तिथून उचलून अर्काईव्हमध्ये टाकतात. लोक फार वैतागतात त्या क्रॅनवाल्यांवर, मीपण वैतागून बघितलंय. पण परभणीला एमएस्सी ॲग्री करणारा माझ्या ओळखीचा एकजण प्लॉटच्या ट्रायलचं ॲनालिसिस ॲग्रिकोले नावाच्या पॅकेजवर करायचा, ते पॅकेज पेरू देशातल्या एका प्राध्यापकानं लिहिलंय, तिकडच्या शेतीच्या प्रयोगांसाठी, आणि आमच्या पठ्ठ्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसताना नुसती मदतीची पानं वाचून ते जमलं. पेरूतल्या माणसाचं काम परभणीत चाललं ते क्रॅनच्या त्या कटकटीमुळंच.

म्हणजे तीन ठिकाणी तीन रीती, लायसन तिन्हीकडं मोकळंच, आणि माल तिन्हीकडं वेगळा. कॉलेजवाले सिलॅबस ठरवताना कुठल्या भाषेला मार्केट आहे एवढंच बघतात, तिच्याभोवतीची माणसं कशी आहेत आणि पोरगं तिथं गेल्यावर काय सवयी लावून घेणार हे कुणी बघत नाही. आणि काही कॉलेजात तर अजून टर्बो सी या जुनाट प्रोग्रामच्या निळ्या पडद्यावर प्रॅक्टिकल चालतात, तिथं ना पॅकेज ना माणसं, जर्नल भरा आणि सही घ्या.

आता तुमच्या लेखात सुरक्षेवर एक वाक्य होतं, कोड सगळ्यांना दिसतं म्हणून ओपन सोर्स सुरक्षित असतं. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं काय ते एक्सझेडच्या प्रकरणात दिसतं, ते जरा सविस्तर सांगायला पाहिजे. एक्सझेड म्हणजे फाईल बारीक करायची लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती लासे कॉलिन नावाचा एक फिनलंडचा माणूस हौसेनं, बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास जिया टॅन नावानं कुणीतरी मदत करायला आलं, चांगले पॅच, म्हणजे कोडच्या दुरुस्त्या, पाठवले, हळूहळू विश्वास बसला. मधेच २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी लासेला टोचायला सुरुवात केली, अपडेट का येत नाही, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातात द्या. त्यानं बिचाऱ्यानं जाहीर लिहिलं की माझी मानसिक तब्येत बरी नाही आणि हा बिनपगारी हौसेचा प्रोजेक्ट आहे. पुढं जिया टॅनच्या हातात किल्ल्या गेल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारी मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानं मागचं दार बसवलं, असं की दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या एसएसएच या प्रोग्राममधून आत घुसता यावं. गंमत म्हणजे एसएसएच स्वतः एक्सझेड वापरतच नाही. डेबियन, फेडोरा अशा काही लिनक्सवाल्यांनी आपल्या सोयीसाठी एसएसएचमध्ये थोडा बदल करून ते सिस्टमडीला, म्हणजे लिनक्समधली कामं चालू बंद करणाऱ्या प्रोग्रामला, जोडलं होतं आणि त्याच्या मागून एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. म्हणजे घाण एक्सझेडमध्ये होती, पण ती एसएसएचपर्यंत पोचली ती तीन वेगवेगळ्या टोळ्यांच्या सवयी जिथं एकमेकांना चिकटल्या तिथनं.

सापडलं कसं तेपण ऐका. आंद्रेस फ्रॉइंड, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस, त्याच्या लक्षात आलं की एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदानं जास्त वेळ घेतंय. अर्धा सेकंद हो! आपल्याकडं पेज उघडायला अर्धा मिनिट लागला तरी आपण चहा घेऊन येतो. हा मागं लागला, खणत गेला आणि २०२४ च्या २९ मार्चला जाहीर केलं. आणि तोवर ते सगळ्या जगात का पोचलं नव्हतं, कारण डेबियनमध्ये नवीन आवृत्ती आधी अनस्टेबलमध्ये येते, मग टेस्टिंगमध्ये, आणि स्टेबलमध्ये जायला कितीतरी महिने. लोक डेबियनला म्हातारं म्हणून हसतात. त्या म्हाताऱ्याच्या सावकाशीनं सर्व्हर वाचले.

तेव्हा कोड सगळ्यांना दिसतं खरं, पण ते बघायला कुणीतरी बसलेलं पाहिजे, आणि बसलेल्याच्या पोटाचं काय हे कुणी विचारलेलं पाहिजे. २०१४ ला हार्टब्लीड नावाच्या भोकाचा घोळ झाला, तेव्हा कळलं की अर्ध्याअधिक इंटरनेटच्या कुलपाचं काम करणाऱ्या ओपनएसएसएलला देणगी यायची वर्षाला साधारण २००० डॉलर. २०१८ मध्ये इव्हेंट स्ट्रीम नावाच्या पॅकेजच्या मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, एकानं नम्रपणे मागितलं म्हणून त्यानं देऊन टाकलं, नवीन मालकानं त्यात बिटकॉइनच्या वॉलेटमधून चोरी करणारं कोड घुसवलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर एका लेखकाला खोटा ईमेल पाठवून त्याचं एनपीएमचं खातं मारलं आणि चॉक, डीबग अशा सगळीकडं वापरात असलेल्या पॅकेजेसमध्ये घाण मिसळली, थोड्याच वेळात सापडली म्हणून बरं. आपल्या देशातल्या किती कंपन्या हे वापरतात आणि किती परत देतात हे कंपन्यांनीच सांगावं, शेअर ब्रोकर झिरोधानं २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला तेव्हा एवढी बातमी झाली यावरनंच काय ते समजा.

आता आपल्या मराठीचं, कारण यावर पुरवणीत एक ओळपण नव्हती. वर जे लेफ्टपॅड सांगितलं, तसलं कोड मराठीवर चालवलं की रकाने वाकडे होतात. कारण जावास्क्रिप्टला क्षि हे एक अक्षर दिसत नाही, त्याला क, हलंत, ष आणि इकार असे चार तुकडे दिसतात आणि तो लांबी चार सांगतो. आमच्या गंजगोलाईतल्या एका दुकानदाराचं बिल छापताना लक्ष्मी आणि क्षीरसागर आले की आकडे सरकायचे, आणि पोरगं म्हणायचं सर प्रिंटर खराब आहे. प्रिंटरचा काय दोष. हे कोड लिहिणाऱ्या लोकांत कुणाच्या घरी क्षीरसागर येतच नाहीत, त्यांच्या डोक्यात एक खूण म्हणजे एक अक्षर. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्या कॉम्प्युटरवर कशा लिहायच्या याचा ठराव, त्याच्या नियमात अक्षर कुठं तोडायचं ते ठरलेलं असतं, त्यात क्ष सारखी जोडाक्षरं मधेच तोडायची नाहीत हा नियम देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांसाठी यायला २०२३ ची १५.१ ही आवृत्ती यावी लागली. असले नियम आपोआप येत नाहीत, त्या टेबलावर कुणीतरी बसून मागं लागावं लागतं.

उलटपण आहे. ब्राउझरला सांगा की मराठीत एक लाख तेवीस हजार लिही, तो १,२३,००० असं देवनागरीत लिहितो, हिंदीत सांगितलं तर इंग्रजी आकडे टाकतो. हे कुणा मोठ्या साहेबानं ठरवलेलं नाही. सीएलडीआर नावाचा भाषांच्या माहितीचा साठा आहे, तारखा कशा, महिने कसे, आकडे कुठले, त्यात माणसं माहिती भरतात, एकमेकांच्या माहितीवर मतं देतात, आणि तिथून ती फोनमध्ये, ब्राउझरमध्ये, सगळीकडं जाते. तिथं जे बसतात त्यांची मराठी आपल्या खिशात येते. मराठवाड्यातनं तिथं कोण बसतं हे मी खूप जणांना विचारलं, कुणाला जागाच माहीत नव्हती.

मग आपली पोरं जातात तरी कुठं? जातात, पण कशी जातात ते सांगताना लाज वाटते. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरला ओपन सोर्सला हातभार लावायचा हॅक्टोबरफेस्ट भरवते, २०२० साली नियम होता चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टला आपला बदल घ्या अशा विनंत्या, पाठवा आणि टीशर्ट मिळवा. झालं! आपल्या देशातनं पोरांनी जगभरच्या प्रोजेक्टांवर धाड टाकली, रीडमी ही प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाईल उघडायची, वर अमेझिंग प्रोजेक्ट असं लिहायचं आणि पाठवून द्यायचं, ते सांभाळणारे लोक बिचारे रात्रभर कचरा काढत बसले, शेवटी महिन्याच्या सुरुवातीलाच आयोजकांना नियम बदलून ज्या प्रोजेक्टला पाहिजे त्यानंच सामील व्हावं असं करावं लागलं. बरं, त्यातनं शिकावं ना? २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या फार वापरातल्या प्रोजेक्टवर तेच, शिकवणीचा व्हिडिओ बघून पोरं त्यांच्या रीडमीत स्वतःची नावं टाकून पाठवायला लागली. व्हिडिओत नुसतं करून दाखवलेलं, यांना वाटलं खऱ्या प्रोजेक्टवर प्रॅक्टिस करायची. हे सगळं आमच्या लातूरच्या पोरांनी केलं असं नाही, पण आमच्यातली नव्हतीच असंपण छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

दोष पोरांचा कमी आहे. इथल्या एका कॉलेजात प्लेसमेंटच्या सरांनी फर्मान काढलं, प्रत्येकाच्या गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साईटवर, रोजच्या कामाचे हिरवे चौकोन दिसले पाहिजेत, कंपनीवाले बघतात. झालं, पोरं रोज एक टिंब वाढवून कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करायला लागली, चौकोन हिरवेगार, आत काही नाही. लातूर पॅटर्ननं आपल्याला मार्क काढायला फार छान शिकवलं, मी त्याच पॅटर्नमधून आलो, पाठ करायला आणि वेळ लावून पेपर सोडवायला दुसरीकडं एवढं कुणी शिकवत नाही. पण अनोळखी माणसाला नीट पत्र लिहून विचारणे, आधी कुणी विचारलंय का ते शोधणे, नाही म्हणाला तर राग न धरता कारण विचारणे, सहा आठवडे उत्तराची वाट बघणे, याला मार्क नसतात म्हणून ते शिकवलंच जात नाही, आणि ओपन सोर्समध्ये नेमकं तेच लागतं, कोड नंतर. माझ्याकडच्या एका पोरीनं एका लायब्ररीतला मराठी तारखेचा घोळ शोधला, तिनं दुरुस्ती पाठवलीच नाही, नुसतं नीट लिहून कळवलं, कुठल्या आवृत्तीत, काय टाकलं, काय आलं, काय यायला पाहिजे होतं. तिकडच्या माणसानं चार प्रश्न विचारले, हिनं उत्तरं दिली, त्यानं दुरुस्त केलं. हिचे वडील मला फोनवर विचारतात, सर पोरगी रात्रभर फिरंग्यासंगं काय बोलूलालीय. म्हटलं काका, तारखा दुरुस्त करूलालीय. त्यांना पटलं का नाही माहीत नाही, पण पुढं फोन आला नाही. तिच्या गिटहबवर याचा कमिट एकपण नाही, कारण कोड तिनं लिहिलं नव्हतं, आणि प्लेसमेंटवाल्या सरांच्या यादीत ती शून्यावर आहे.

केरळाचं नाव काढलं की आपले लोक नाराज होतात, तरी काढतो. तिथं सरकारी शाळेतले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, कितीतरी वर्षं झाली. स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग नावाचा गट तिथं उभा राहिला, पगारावर नाही, हौसेवर, त्यांनी मलयाळमचे फॉन्ट केले, टाईप करायच्या पद्धती केल्या, आणि डेबियनची जागतिक परिषद २०२३ ला कोचीत भरली. नुसता मंत्रालयातनं जीआर निघून हे झालेलं नाही, त्यासाठी माणसं जमली होती. मराठीसाठीपण चांगली कामं झालीत हो, मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोकळे मिळतात, छान आहेत, पण ती कामं करणारे लोक विखुरलेले आहेत, आणि बहुतेक मुंबई पुण्यातले. नांदेडच्या, संभाजीनगरच्या, लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातनं दरवर्षी एवढी पोरं बाहेर पडतात, त्यातली एखाद्या प्रोजेक्टच्या टेबलावर कायमची किती बसतात?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पुरवणीत पुढच्या वेळी कुठलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं याची यादी छापू नका, ती पोरांना पाठ आहे. सीएलडीआर काय आहे ते छापा, बग रिपोर्ट, म्हणजे चूक कळवायचं पत्र, कसा लिहायचा त्याचा एक नमुना छापा, मराठीत छापा, दहावीच्या पोरालापण कळेल असा. कॉलेजवाल्यांना सांगा, फायनल इयरला लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम नावाचं तेच तेच प्रोजेक्ट झेरॉक्स करून घेण्यापेक्षा पोरांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली पॅकेजेस घेऊन बसवा, त्यातली दहा निवडा, प्रत्येकाचा लेखक कोण, शेवटचा बदल कधी झाला, किती माणसं सांभाळतात, एकच असेल तर तो थकलाय का, हे लिहून आणायला सांगा आणि व्हायव्हात त्यावर विचारा. खर्च शून्य. युनिव्हर्सिटीची परवानगीपण लागत नाही, टर्मवर्कचे मार्क सरांच्याच हातात असतात.

आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी औसा रोडला क्लासच्या हॉलमध्ये बसतो, लाईट असली तर प्रोजेक्टर, नसली तर मोबाईलवर, आणि एकेक पॅकेज उघडून वाचतो. फी नाही, सर्टिफिकेटपण नाही, त्यामुळं गर्दी नसते. तुमच्या वार्ताहरानं यावं, फोटो नाही काढला तरी चालेल.

पत्र लांबलं. जागेसाठी कापायचं झालं तर पायथनचा परिच्छेद कापा, हिरव्या चौकोनाचा ठेवा.

आपला,
क्लास चालवणारा एक वाचक,
लातूर